यांत्रिक घड्याळ मागच्या बाजूने कसे वाचावे

महागडे यांत्रिक घड्याळ हातात आले की बहुतेकांची नजर आधी तबकडीवरच्या नावाकडे जाते. ते नाव घड्याळ कोणाचे आहे एवढेच सांगते; ते कसे घडवले आहे हे जाणून घ्यायचे असेल तर घड्याळ पालथे करावे लागते. आज वरच्या दर्जाच्या अनेक घड्याळांना मागे पारदर्शक झाकण असते आणि त्या इंचभर काचेतून आतल्या मशीनचा बराच भाग दिसतो. पाहायला सुरुवात करण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. घड्याळ वेळ किती बिनचूक दाखवते हा एक हिशेब आहे आणि त्याच्या सुट्या भागांवर हाताचे काम किती झाले आहे हा दुसरा. साध्या फिनिशिंगचे मशीनही वेळ उत्तम राखू शकते आणि आरशासारखे घासलेले मशीनही रोज दहा सेकंद पुढे जाऊ शकते. विक्रीच्या भाषेत हे दोन्ही हिशेब सर्रास एकत्र मांडले जातात. ते वेगळे ठेवले की निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

साधनांचा फारसा पसारा लागत नाही. दहापट मोठे दाखवणारे भिंग, मग ते घड्याळजी डोळ्याला लावतात तसले असो किंवा घडीचे. एक मऊ, स्वच्छ कापड. आणि एकच दिवा. दिवा एकच असावा याला कारण आहे. छताच्या ट्यूबलाइटचा पसरट उजेड सगळीकडून पडतो आणि धातूवरचे बारीक ओरखडे, यंत्राच्या खुणा, कडांचे उतार त्यात हरवून जातात. टेबलावरच्या एका दिव्याचा उजेड एका बाजूने आला, की घड्याळ जरासे कलवताच प्रत्येक पृष्ठभाग आपली जात दाखवू लागतो.

चावी देताना

हाताने चावी द्यायचे घड्याळ असेल तर पाहणी चावीपासूनच सुरू करावी. चावी फिरवताना बोटांना लागणारा विरोध एकसारखा असावा आणि खटक्यांचा आवाज स्वच्छ यावा. प्रत्येक फेरीबरोबर एका गोल डब्यात धातूच्या पातळ पट्टीची कमान घट्ट गुंडाळली जाते. ती उलगडू पाहते आणि त्या ओढीने डबा फिरतो; बहुतेक मशीनमध्ये त्याचा एक फेरा पूर्ण व्हायला काही तास लागतात. डब्याच्या दात्यांवर पुढचे चाक, त्यावर त्याच्यापुढचे, अशी चाकांची माळ लागलेली असते आणि दर टप्प्याला वेग वाढत व जोर घटत जातो. पारंपरिक मांडणीत मधले चाक तासाला एक फेरा घेते, म्हणून मिनिटकाटा त्याच्याशी जोडलेला असतो. तिथून दोन चाके पुढे मिनिटाला एक फेरा घेणारे चाक येते आणि सेकंदकाटा त्यावर चालतो.

ही माळ मोकळी सोडली तर कमान क्षणार्धात उलगडून जाईल. तिला अडवून ठरलेल्या तालात एकेक दाता सोडण्याचे काम एस्केपमेंट करते आणि तो ताल देते बॅलन्स व्हील, म्हणजे मागच्या काचेतून आलटून-पालटून झोके घेताना दिसणारे चाक. त्याच्या मध्यभागी केसासारखी बारीक, चक्राकार हेअरस्प्रिंग असते. लंबकाला जे गुरुत्वाकर्षण, तेच बॅलन्स व्हीलला ही स्प्रिंग: चाक कुठेही गेले तरी त्याला मध्याकडे परत ओढणारी. ख्रिस्तियान हायगेन्स यांनी १६७५ मध्ये ही चक्राकार स्प्रिंग घड्याळात आणली आणि खिशातली घड्याळे दिवसाला तासातासाच्या चुकीऐवजी मिनिटांच्या चुकीवर आली. अठराव्या शतकाच्या मध्यात इंग्लंडच्या थॉमस मज यांनी लिव्हर एस्केपमेंट बसवले. त्याचेच सुधारलेले रूप आज जवळजवळ प्रत्येक यांत्रिक मनगटी घड्याळात टिकटिकते. त्यात माणकाचे दोन तुकडे बसवलेला एक छोटा काटेरी लिव्हर असतो. झोका मध्यावरून जाताना तो लिव्हरला ढकलतो, एक दाता सुटतो आणि सुटता सुटता चाकाला परत एक हलका धक्का देऊन जातो. आपण जी टिकटिक ऐकतो ती याच अडण्या-सुटण्याची.

आता सेकंदकाटा भिंगाखाली धरावा. तो सरकतो आहे असे दुरून वाटले तरी प्रत्यक्षात लहान-लहान पावले टाकत असतो. ताशी २८,८०० ठोक्यांचे मशीन सेकंदाला आठ पावले टाकते. जुन्या धाटणीचे १८,००० ठोक्यांचे मशीन पाच. आणि १९६९ मध्ये आलेले झेनिथचे एल प्रिमेरो ताशी ३६,००० ठोक्यांचे असल्याने दहा. सेकंदाला आठ या हिशेबाने दिवसाचे ६,९१,२०० ठोके होतात आणि वर्षाचे २५ कोटींहून अधिक. ठोके जास्त म्हणजे घड्याळ श्रेष्ठ, असे मात्र समजू नये. वेगवान बॅलन्स व्हील हाताच्या हिसक्यांना कमी दाद देते, पण कमानीची ताकद लवकर खाते आणि तेलाची परीक्षा पाहते. मला स्वतःला १८,००० ठोक्यांच्या मशीनचा संथ झोका पाहायला आवडतो. ही आवड आहे, गुण नव्हे.

तबकडीवर किंवा मशीनवर लिहिलेल्या ज्युएल्सच्या आकड्याचेही तसेच. फिरणाऱ्या आसांची टोके धातूत घासू नयेत म्हणून तिथे माणकाचे कृत्रिम खडे बसवतात. फ्रान्सच्या ओग्युस्त व्हेर्नुई यांनी १९०२ मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीने ते तयार होऊ लागल्यापासून त्यांचे मोल दागिन्याचे राहिलेले नाही. चावी द्यायच्या साध्या तीनकाटी मशीनला १७ खडे पुरतात. ऑटोमॅटिक (मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी बसणारे) किंवा क्रोनोग्राफ (स्टॉपवॉचची सोय असलेले) असेल तर आकडा साहजिकच वाढतो. पंचवीस म्हणजे सतरापेक्षा उंची, हा समज सोडून द्यावा.

मशीनमध्ये याहून बोलकी जागा म्हणजे बॅलन्स व्हीलवरची पट्टी. तिथे अधिक-उण्याच्या खुणा आणि त्यांच्यामधून सरकणारी एक बारीक दांडी दिसली, तर घड्याळ पुढे-मागे करण्यासाठी हेअरस्प्रिंगची कामाची लांबी बदलली जाते असे समजावे. ही सोय उत्तम आहे आणि चांगल्या मशीनमध्येही आढळते. पण दांडीच नसेल आणि बॅलन्स व्हीलच्या कडेवर चिमुकले स्क्रू किंवा वजने दिसत असतील, तर तिथे स्प्रिंगला हात न लावता चाकाचेच जडत्व कमी-जास्त करतात. पटेक फिलिप आणि रोलेक्स या दोघांनीही फार पूर्वीपासून हीच वाट धरली आहे. अशा मशीनचे समायोजन करायला वेळ आणि कौशल्य जास्त लागते, मात्र एकदा बसलेला ताल धक्क्याने सहसा बिघडत नाही. हेअरस्प्रिंगचे शेवटचे वेटोळे वर उचलून आत वळवलेले दिसले तर तीही नोंद घ्यावी. अब्राहम-लुई ब्रेगे यांनी १७९५ मध्ये दिलेल्या या वळणामुळे स्प्रिंग एका बाजूला न फुगता सगळीकडून सारखी श्वास घेते.

वेळेचा हिशेब

दिवसाचे ८६,४०० सेकंद असतात. त्यांत पाच सेकंदांची चूक म्हणजे दहा हजारांत एकाहूनही कमी. कमान, चाके आणि तेल यांच्या बळावर हे साधते हे नवलच आहे, पण साध्या क्वार्ट्झ घड्याळाला महिन्याला पंधरा सेकंदांची चूकही सहसा होत नाही. अचूकता एवढेच उद्दिष्ट असेल तर यांत्रिक घड्याळ घेऊ नये. सेइकोचे अ‍ॅस्ट्रॉन हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ २५ डिसेंबर १९६९ रोजी बाजारात आले तेव्हा हा प्रश्न निकालात निघाला.

तरीही मोजमाप करावेच, कारण त्यातून मशीनची तब्येत कळते. घड्याळाला पूर्ण चावी द्यावी, फोनवरच्या वेळेशी सेकंदासह जुळवावे आणि आठवडाभर रोज एकाच वेळी फरक लिहून ठेवावा. रोज चार सेकंद पुढे जाणारे घड्याळ चांगले. आज दोन सेकंद पुढे, उद्या नऊ सेकंद मागे असे वागणारे वाईट, जरी आठवड्याची बेरीज शून्य आली तरी. ठरावीक चूक घड्याळजी दहा मिनिटांत काढतो, लहरी चूक मात्र बहुधा मशीन उघडून धुतल्याशिवाय जात नाही. टाइमग्राफर या, ठोके ऐकून चाल मोजणाऱ्या यंत्रावर ठेवून पाहण्याची संधी मिळाली तर झोक्याचा कोन विचारावा. पूर्ण चावी दिलेले, तबकडी वर करून ठेवलेले निरोगी मशीन साधारण २७० ते ३१० अंशांचा झोका घेते. २२० अंशांच्या आसपास घुटमळत असेल तर तेल सुकले आहे किंवा कुठेतरी घर्षण वाढले आहे.

स्थितीनुसार चाल बदलते हेही इथेच लक्षात येईल. रात्री तबकडी वर करून ठेवलेले घड्याळ पुढे जाते आणि चावी खाली करून उभे ठेवलेले मागे पडते, असे काहीसे प्रत्येकाचे असते. आपल्या घड्याळाचा हा स्वभाव ओळखून घेतला की दिवसा झालेली चूक रात्री ते कसे ठेवायचे यावरून भरून काढता येते. जुने लोक हे सर्रास करत.

प्रमाणपत्रांचा अर्थ याच मोजमापातून समजतो. स्वित्झर्लंडची सीओएससी ही संस्था केसमध्ये, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचात, न बसवलेले मशीन १५ दिवस, पाच स्थितींत आणि ८, २३ व ३८ अंश सेल्सिअस या तीन तापमानांत तपासते, आणि रोजची सरासरी चूक उणे चार ते अधिक सहा सेकंदांच्या आत असेल तरच त्याला क्रोनोमीटर म्हणू देते. २०१५ पासून ओमेगाने स्वीकारलेली मेटास या स्विस मोजमाप संस्थेची कसोटी पुरे बसवलेल्या घड्याळावर होते, चूक शून्य ते अधिक पाच सेकंदांत असावी लागते आणि १५,००० गॉस चुंबकक्षेत्रातही घड्याळ चालत राहावे लागते. जिनेव्हाच्या शिक्क्याचा उगम मात्र वेगळा आहे. १८८६ च्या कायद्याने सुरू झालेला हा शिक्का मुळात मशीन कुठे आणि कशा कारागिरीने बनले याची ग्वाही देतो, म्हणजे तो दुसऱ्या हिशेबात मोडतो.

हाताचे काम

इथे घाई करू नये; निम्मा वेळ याच भागाला द्यावा.

सर्वांत आधी ब्रिजच्या कडा पाहाव्यात. चाकांच्या आसांना वरून धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांना ब्रिज म्हणतात. त्यांची वरची सपाटी आणि उभी बाजू जिथे मिळते तिथली धार तासून पंचेचाळीस अंशांच्या जवळपासचा एक अरुंद उतार काढलेला असतो आणि तो उतार चकचकीत केलेला असतो. फ्रेंच कारागीर याला आंग्लाज म्हणतात. मुळात धातू कापल्यावर राहणारी कूस काढून टाकणे एवढाच याचा हेतू होता; पुढे त्यात कसब शिरले. घड्याळ दिव्याखाली सावकाश कलवले की या उतारावरून उजेडाची एक रेघ धावत जाते. ती रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच रुंदीची, न तुटता, न थरथरता गेली पाहिजे. यंत्राने काढलेल्या उतारावर भिंगातून एकमेकांना समांतर अशा बारीक खुणा दिसतात आणि उतार सपाट, थोडा निर्जीव वाटतो. हाताने कानशीने घासून मग चकाकी दिलेला उतार किंचित फुगीर असतो, त्यामुळे त्यावरचा उजेड भरीव दिसतो. स्वित्झर्लंडच्या व्हॅले द झू या खोऱ्यात शेवटची चकाकी देण्यासाठी तिथल्या डोंगरात उगवणाऱ्या जेन्शियन वनस्पतीच्या वाळक्या देठाची काडी पारंपरिकरीत्या वापरली जाते.

आता कोपरे. उतार बाहेरच्या बाजूला वळतो तिथला टोकदार कोपरा जपणे अवघड, पण दोन उतार आतल्या बाजूला एकमेकांना मिळतात तो कोपरा खरा परीक्षेचा. यंत्राचे कापणारे टोक गोल फिरते, त्यामुळे ते आत शिरून टोकदार कोपरा काढूच शकत नाही. तिथे गोलाई राहते. दोन उतार आत येऊन सुरीच्या पात्यासारख्या एका स्पष्ट रेषेवर मिळालेले दिसले, तर ते काम हाताचेच. असे आतले कोपरे किती आहेत ते मोजावे. पुष्कळ कारखाने ब्रिजची आखणीच अशी करतात की आतला कोपरा येऊच नये, सगळीकडे गोल वळणे यावीत. ही लबाडी नाही, खर्चाचे गणित आहे, पण किमतीत हाताच्या कामाचे पैसे लावले असतील तर गिऱ्हाइकाने ते मोजूनच द्यावेत. स्विस घड्याळकार फिलिप द्युफूर यांच्या सिम्प्लिसिटी या घड्याळाला फक्त तास, मिनिटे आणि सेकंद दाखवता येतात. जाणकार ते पाहण्यासाठी धडपडतात ते ब्रिजच्या रुंद, भरीव उतारांसाठी आणि कोपऱ्यांसाठी.

पोलादी भागांवरची काळी चकाकी ही दुसरी खूण. स्क्रूचे माथे, रेग्युलेटरची (वर सांगितलेल्या अधिक-उण्याच्या दांडीची) हंसाच्या मानेसारखी स्प्रिंग, ठोके देऊन वेळ सांगणाऱ्या रिपीटरच्या हातोड्या अशा भागांवर ती देतात. कारागीर तो भाग जस्ताच्या किंवा कथलाच्या सपाट तुकड्यावर हिऱ्याची बारीक पूड लावून गोल गोल घासतो, आणि धूलिकणाने एक ओरखडा पडला तरी सुरुवातीपासून पुन्हा घासावे लागते. पृष्ठभाग इतका सपाट होतो की उजेड एकाच दिशेला परततो. त्यामुळे घड्याळ कलवताना तो भाग एका कोनात पूर्ण काळा आणि दुसऱ्या कोनात पूर्ण पांढरा दिसतो. मधली राखाडी छटा जवळजवळ येतच नाही. राखाडी दिसत राहिला तर ती साधी पॉलिश आहे. ही परीक्षा दहा सेकंदांची आहे आणि ती सहसा फसत नाही.

निळे स्क्रू सगळ्यांना आवडतात. पोलाद सावकाश तापवले की आधी गवती पिवळे, मग तपकिरी, मग जांभळे आणि ३०० अंश सेल्सिअसच्या सुमारास निळे होते. तो क्षण चुकला की निळाई फिकट पडते आणि तुकडा पुन्हा घासून पहिल्यापासून तापवावा लागतो. रसायनाने किंवा रंगाने निळे केलेले स्क्रूही असतात. त्यांची निळाई सरसकट एकच, थोडी भडक असते आणि खाचेच्या आत बहुधा रंग साचलेला दिसतो. तापवून आणलेली निळाई एका कोनात जवळजवळ काळी भासते आणि उजेड पडताच उमलते. निळाईपेक्षाही स्क्रूची खाच मी आधी पाहतो. तिच्या कडा तीक्ष्ण आणि ओरखड्यांविना असतील तर मशीन कुशल हातांनीच उघडले गेले आहे. खाच चेपलेली असेल तर कोणीतरी चुकीच्या मापाचा स्क्रूड्रायव्हर चालवला आहे. जुने घड्याळ घेताना ही एक नजर पुष्कळ काही सांगून जाते.

ब्रिजवरचे समांतर जिनेव्हा पट्टे आणि खालच्या पाटीवरची एकमेकांवर चढलेली वर्तुळे, म्हणजे पेर्लाज, हे दोन्ही आज स्वस्त मशीनवरही छापल्यासारखे दिसतात. म्हणून त्यांच्या असण्यापेक्षा त्यांची शिस्त पाहावी: एका ब्रिजवरचा पट्टा शेजारच्या ब्रिजवर बरोबर त्याच रेषेत पुढे जातो का, आणि वर्तुळे कोपऱ्यात, चाकाखाली, जिथे कोणी पाहणार नाही तिथेही तितकीच नेमकी आहेत का.

ग्लासह्यूटची घड्याळे पाहताना डोळ्यांची सवय थोडी बदलावी लागते. फर्डिनांड अडोल्फ लांगे यांनी १८४५ मध्ये जर्मनीतल्या या गावात घड्याळनिर्मिती सुरू केली आणि तिथे जिनेव्हासारखे सुटे-सुटे ब्रिज न ठेवता मशीनचा पाऊण भाग झाकणारी एकच पाटी वापरण्याची रीत पडली. तशी पाटी सगळ्या चाकांचे आस एकाच वेळी जागेवर आणून बसवणे हे कष्टाचे काम, पण एकदा बसली की मजबुती उत्तम. ए. लांगे उंड झोने ही कंपनी पाटीसाठी जर्मन सिल्व्हर वापरते, ज्यात चांदी मुळीच नसून तांबे, निकेल आणि जस्त असते. त्याच्यावर मुलामा नसल्याने बोटाचा ठसासुद्धा डाग पाडतो आणि वर्षांनुवर्षांत त्याला मधासारखी पिवळट झाक येते. ही कंपनी प्रत्येक मशीन एकदा जोडते, चालवून पाहते, पुन्हा पूर्ण सुटे करते, शेवटची चकाकी देते आणि दुसऱ्यांदा जोडते. बॅलन्स व्हीलवरची पट्टी हाताने कोरलेली असते, त्यामुळे सरावलेल्या नजरेला कोरणाऱ्याचा हात ओळखू येतो.

तबकडी आणि केस

पुढच्या बाजूला आल्यावर आधी काट्यांची लांबी पाहावी. मिनिटकाट्याचे टोक मिनिटांच्या खुणांना नेमके टेकत असेल तर घड्याळ त्याच आकाराच्या केससाठी आखलेले आहे. दोन मिलिमीटर आधीच थांबत असेल तर काटे उसने आणलेले वाटतात, कितीही चमकले तरी. भाजलेल्या मिन्याच्या तबकडीवर काचेची पूड पसरून ती ८०० अंशांच्या वर भट्टीत अनेकदा भाजतात, आणि दर खेपेला तडा जाण्याची भीती असते. तिचा पांढरा रंग कधी पिवळा पडत नाही. भिंगाखाली तिची सपाटी किंचित लाटेरी दिसते, आणि ते व्यंग नसून भाजल्याची खूण आहे. गियोशे, म्हणजे तबकडीवरच्या बारीक, एकसारख्या रेषांची नक्षी, हीसुद्धा भिंगाखालीच पाहावी: हाताने चालवलेल्या यंत्रावर कोरलेल्या रेषांच्या कडा धारदार असतात आणि त्यांच्या तळाशी चमक असते, तर साच्यात दाबून काढलेल्या नक्षीचे कंगोरे गोलसर, थकलेले दिसतात.

केसवर पाहायचे ते एवढेच की घासलेला मंद भाग आणि आरशासारखा भाग जिथे भेटतात ती रेषा कोरीव आहे का. ग्रँड सेइको ज्याला झारात्सू पॉलिश म्हणते तिची ख्याती याच रेषांसाठी आहे. वापरलेल्या घड्याळावर ही रेषा गोल झाली असेल तर ते वारंवार पॉलिश झाले आहे आणि तो धातू परत येणार नाही.

वेळेपलीकडची कामे

तास-मिनिटांपलीकडे घड्याळ जे काही दाखवते त्याला कॉम्प्लिकेशन म्हणतात. चंद्रकला हे त्यातले सर्वांत सोपे आणि सर्वांत फसवे. साध्या मशीनमध्ये दोन चंद्र रंगवलेल्या चकतीला ५९ दाते असतात, म्हणजे एका चांद्रमासाला साडेएकोणतीस दिवस. खरा चांद्रमास २९.५३०५९ दिवसांचा, त्यामुळे दर महिन्याला सुमारे ४४ मिनिटांचा फरक साचत जाऊन अडीच वर्षांहून थोड्या अधिक काळात पूर्ण एका दिवसाची चूक होते. १३५ दात्यांचे चाक वापरणाऱ्या मशीनला तेवढीच चूक व्हायला १२२ वर्षे लागतात.

क्रोनोग्राफ मागून पाहताना किल्ल्याच्या बुरुजांसारखे उभे खांब असलेले एक छोटे चाक दिसते का ते पाहावे. त्याला कॉलम व्हील म्हणतात. बटण दाबताना लागणारा मऊ, एकसारखा खटका बहुधा त्याच्यामुळे येतो. ते नसेल तर तिथे चपट्या पत्र्याची कॅम असते. १९७० च्या दशकात आलेले वॅल्ज्यू ७७५० हे कॅमवर चालणारे मशीन आजही भरवशाचे मानले जाते, फक्त बटण थोडे कडक लागते. बटण दाबताच सेकंदकाटा उडी मारतो की गुमान निघतो हेही पाहावे: क्रोनोग्राफला चाकांच्या माळेशी जोडणाऱ्या भागाला क्लच म्हणतात; आडव्या क्लचमध्ये दात्यात दाता अडकताना तो कधीकधी थरथरतो, उभ्या क्लचमध्ये नाही.

परपेच्युअल कॅलेंडर लीप वर्षे स्वतः ओळखते, पण २१०० हे लीप वर्ष नाही हे बहुतेक मशीनना ठाऊक नसते. त्या वर्षी मार्चच्या पहिल्या तारखेला कोणालातरी ते हाताने दुरुस्त करावे लागेल. मिनिट रिपीटर खाली मान घालून, शांत खोलीत ऐकावा. खर्ज स्वर तासांचे, दोन स्वरांची जोडी पाव तासांची, तार स्वर उरलेल्या मिनिटांचे. बारा वाजून एकोणसाठ मिनिटांवर लावला तर बारा तास, तीन जोड्या आणि चौदा मिनिटे असे सर्वाधिक ठोके पडतात. ठोक्यांमधले अंतर सारखे आहे का आणि तासांनंतर ताल रेंगाळतो का, हे तिथेच कळते.

टूर्बियाँबद्दल थोडे स्पष्ट लिहिले पाहिजे. ब्रेगे यांनी १८०१ मध्ये त्याचे पेटंट घेतले तेव्हा घड्याळ दिवसभर खिशात उभे राहत असे, आणि बॅलन्स व्हीलसह सगळे एस्केपमेंट सावकाश फिरवत ठेवले की उभ्या स्थितीतल्या चुका एकमेकींना छेदून जात. मनगट मात्र दर क्षणी स्थिती बदलत असते. म्हणून आज टूर्बियाँ घ्यायचे ते जेमतेम ग्रॅमभरही नसलेल्या, मिनिटाला एक फेरा घेणाऱ्या पिंजऱ्याच्या कारागिरीसाठी, अचूकतेसाठी नव्हे. पिंजऱ्याच्या कडांवर आणि आतल्या कोपऱ्यांवर वर सांगितलेल्या सगळ्या परीक्षा लावून पाहाव्यात. तिथे यंत्राच्या खुणा दिसल्या तर पैसे कशाचे, हा प्रश्न विचारायला संकोच करू नये.

‘स्विस मेड’ या शब्दांना कायद्याचा आधार आहे. मशीन स्विस असावे, घड्याळ तिथेच बसवून तपासलेले असावे आणि १ जानेवारी २०१७ पासून उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग तिथला असावा. उरलेला कोठून आला हे तबकडी सांगत नाही. स्वतःच्या कारखान्यात बनवलेले मशीन आणि बाहेरून घेतलेले मशीन यांच्या वादात मी फारसा पडत नाही. बाहेरचे असूनही चांगले फिनिश केलेले मशीन मला घरच्या पण ओबडधोबड मशीनहून बरे वाटते, आणि त्याचे सुटे भाग वीस वर्षांनीही मिळतात.

घरी आणल्यावर

चावी रोज एकाच वेळी, शक्यतो सकाळी द्यावी. विरोध वाढून चावी थांबली की तिथेच थांबावे. ऑटोमॅटिक घड्याळ थांबले असेल तर नुसते हलवून चालू न करता वीस-तीस फेऱ्या चावी देऊन मग मनगटावर घालावे. रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात तारीख झटपट पुढे नेण्याची सोय वापरू नये, कारण त्या वेळी तारीख बदलणारा दाता आधीच गुंतलेला असतो आणि जोर लावला तर तो तुटतो. मीही एकदा हे केले आहे. काटे सहावर आणून मग तारीख लावणे ही सर्वांत सुरक्षित सवय.

घड्याळ अचानक दिवसाला मिनिटामिनिटाने पुढे जाऊ लागले तर आधी चुंबकाचा संशय घ्यावा. फोनची केस, टॅबलेटचे झाकण, पर्सचे बटण, स्पीकर यांतले चुंबक हेअरस्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटवतात. स्प्रिंग कामापुरती आखूड होते आणि ताल वाढतो. घड्याळजीकडे चुंबकत्व काढून टाकणारे यंत्र असते आणि काम मिनिटभराचे असते. सिलिकॉनच्या हेअरस्प्रिंगला हा त्रास होत नाही. युलिस नार्डां या कंपनीच्या फ्रीक या घड्याळाने २००१ मध्ये एस्केपमेंटमध्ये सिलिकॉन आणले, तेव्हापासून तो पुष्कळ ठिकाणी पसरला आहे.

पाण्याबाबत तबकडीवरच्या आकड्याचा अर्थ शब्दशः घेऊ नये. ३० मीटर म्हणजे हात धुताना उडणारे शिंतोडे. पोहायचे असेल तर १०० मीटर आणि स्क्रूने बंद होणारी चावी असावी. रबरी सील काही वर्षांत कडक होते, म्हणून दाबाची परीक्षा अधूनमधून करून घ्यावी.

साधारण पाच ते दहा वर्षांनी मशीन पूर्ण उघडून, धुऊन, नवे तेल घालून घ्यावे लागते. उत्पादकाने दिलेली मुदत पाहावी आणि त्याआधी झोक्याचा कोन घसरला तर लवकर द्यावे. देण्यापूर्वी केसच्या चारही कडांचे आणि मशीनचे, भिंगातून दिसतील एवढे जवळचे फोटो काढून ठेवावेत. पावतीवर ‘केसला पॉलिश करू नये’ हे शब्द लिहून घ्यावेत आणि बदललेले जुने भाग परत मागावेत. घड्याळ परत आल्यावर त्याच दिव्याखाली फोटो शेजारी ठेवून कडा आणि स्क्रूंच्या खाचा तपासाव्यात, आणि मगच पावतीवर सही करावी.